बापाच्या हाताखाली की परक्याच्या?

मे महिन्यात दादाचा फोन आला. भाच्याची, म्हणजे त्याच्या पोराची, दहावी झाली होती आणि पोरगं दिवसभर मोबाईल घेऊन लोळत होतं. "आपल्या शॉपवर घेऊ काय त्याला, का दुसरीकडं धाडू? तू सांग बघू, मला काय समजंना झालंय." तीस वर्षं आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, हाताखाली लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र) चालवलेला माणूस हे मला विचारत होता. मी पुण्यात बसून लोकांचे हिशेब तपासते.

फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोलले. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण आमच्या एकाच घरात त्याची तीन उत्तरं वाढलेली आहेत. दादा आबांच्या हाताखाली, मशीनवर. चुलतभाऊ दादाच्याच वयाचा, पण काकांनी त्याला मुद्दाम परक्याच्या शॉपवर धाडलं. आणि मी आबांच्याच शॉपवर, पण टेबलाशी, बिलं आणि वह्या घेऊन. पोरीला मशीनवर कोण उभी करतंय? तिघं एकाच ताटात जेवलो, तिघांच्या हाताला वेगवेगळं लागलं. दादाला मी जे कळवलं ते थोडं वाढवून इथं मांडते. अकरावी, डिप्लोमा, आयटीआय की घरचा धंदा अशा वळणावर ज्यांचं पोर उभं आहे, त्यांना उपयोग व्हावा.

आमचं शॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. एक गाळा, दोन जुने लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर, दाराशी भंगाराचा ढीग. काम सगळं जॉबवर्क, गिऱ्हाइकानं आणून दिलेलं. फौंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) आलेल्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, टर्निंग, पंपाचे भाग, पुली, आणि दसऱ्याच्या आधी महिनाभर गुऱ्हाळवाल्यांची रांग: घाण्याचे बुश झिजलेत, रूळ तपासून द्या, हंगाम तोंडावर आलाय.

हात लवकर कुठं बसतो

यात बाप पुढं आहे, वाद नाही. दादा सातवीच्या सुट्टीत शॉपवर आला. पहिली सुट्टी बर, म्हणजे मशीनवर निघणारा धातूचा कीस, गोळा करण्यात गेली. बिडाचा बर वेगळा, एमएसचा (साध्या पोलादाचा) वेगळा, कारण भंगारवाला दोन्हींचा भाव निराळा देतो आणि मिसळलेला ढीग दिसला की कमी भावानंच उचलतो. आठवीत ड्रिल, नववीत फेसिंग (जॉबचं तोंड सपाट करणं), दहावीच्या सुट्टीत आटे पाडायला लागला. आबांनी काही राखलं नाही. टूलला धार कशी लावायची, ग्राइंडरवरच्या ठिणगीवरून धातू कसा ओळखायचा (बिडाची ठिणगी आखूड आणि तांबूस, पोलादाची लांब आणि पिवळी), चक (जॉब धरणारा जबडा) आवळताना आवाज कसा ऐकायचा, सगळं दाखवलं.

चुलतभाऊ ज्या शॉपवर गेला तिथं पहिले आठ महिने झाडू, चहा आणि फेसिंग. आटे पाडायला गिअर बदलायची वेळ आली की मिस्त्री त्याच्याकडं पाठ करून उभा राहायचा. आमच्याकडं तालमीतल्या गोष्टीत वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात, तो हाच. मिस्त्रीला दोष कसा द्यायचा? त्याचं पोट त्या डावावर होतं. उद्या हाच पोरगा कमी पगारात त्याच्या जागी उभा राहिला असता.

पण मिस्त्री जेवायला गेला की चुलतभाऊ गिअरचे दात मोजायचा. एका रिकाम्या सिगारेटच्या पाकिटावर आकडे लिहून आणायचा आणि रात्री आमच्या माडीवर बसून भागाकार करायचा. एकदा १२७ दातांच्या गिअरवर अडला. बाकीचे सगळे विसात, चाळिसात, पाचाच्या पटीत, हाच मधे कुठनं आला? दोन दिवसांनी उलगडलं. लेथचा लीडस्क्रू (टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंचाचा, आटे पाडायचे मिलिमीटरचे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याच्या पाचपट १२७. हा शोध काही त्याचा नव्हे, जगभरच्या टर्नरला ठाऊक आहे. पण त्याला तो स्वतःला लागला होता. दादाला विचारलं तर म्हणाला, "आबा लावतात त्योच गिअर मी लावतोय की."

इथं मला बापाच्या हाताखालच्या शिक्षणाची खरी उणीव दिसते. आयतं वाढलेलं ताट कोण उलटून बघतंय? दादाचा हात चुलतभावापेक्षा दोन वर्षं आधी बसला आणि आजही फिनिशिंगला दादाच सरस आहे. पण आबांच्या दोन लेथवर जे होत नाही ते होतच नाही, असं त्याला बरीच वर्षं वाटत होतं. चुलतभाऊ तिसऱ्या वर्षी गोकुळ शिरगावला गेला, तिथं सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) बघितलं, पुढं प्रोग्राम करायला लागला. दादानं सीएनसीला हात लावला तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता.

चूक कुणाच्या खिशातनं जाते

एका हंगामात दादाच्या हातून गनमेटलच्या बुशचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झाला. बाहेरचा व्यास जास्त राहिला तर अजून एक कट मारता येतो, पण बोअर एकदा मोठा झाला की लहान होत नाही. गनमेटल महाग. गुऱ्हाळवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार. आबा काहीच बोलले नाहीत. "जा, जेवायला जा घरला," एवढंच. रात्री उशिरापर्यंत थांबून त्यांनी दुसरा बुश केला, सकाळी गिऱ्हाइकाला दिला, तेच पैसे घेतले. दादाला त्या धातूची किंमत मी सांगितली, आणि तीही कितीतरी वर्षांनी, बोलण्याच्या ओघात. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

चुलतभावाकडून जवळजवळ अशीच चूक झाली. त्याच्या मालकानं त्याला एम-एटीवर मागं बसवलं, पार्टीकडं, म्हणजे गिऱ्हाइकाकडं, नेलं आणि म्हणाला, "सांग काय केलंयस ते." अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरानं परक्या माणसासमोर उभं राहून सांगितलं. वर तीन आठवडे पगारातनं थोडे थोडे पैसे कापले. त्या संध्याकाळी तो रंकाळ्यावर जाऊन बसला होता, घरी आलाच नाही लवकर. अजूनही मोजायचं व्हर्निअर दोनदा लावल्याशिवाय तो टूल पुढं सरकवत नाही.

यावरून परकं बरं असं कुणी म्हणेल, तर थांबा. त्याच शॉपवर त्याचं बोट कापलं तेव्हा कॉटन वेस्ट गुंडाळून त्याला पुन्हा मशीनवर उभं केलं होतं, आणि घरी "सायकलवरनं पडलो" असं सांगायला लावलं होतं. आबांनी असल्या वेळी शॉप बंद केलं असतं.

पण आता आबांची दुसरी बाजू. शॉपवर कामाला येणाऱ्या परक्या पोराला त्यांनी सोळाव्या वर्षाआधी ग्राइंडरजवळ फिरकू दिलं नाही. का, तर "दुसऱ्याचं लेकरू हाय." दादा मात्र तेराव्या वर्षी ग्राइंडरवर, चष्म्याशिवाय. डोळ्यात कण गेला, तो डॉक्टरांनी काढला, नशीब म्हणून निभावलं. आपल्या पोराला जपतो असं प्रत्येक बापाला वाटतं. प्रत्यक्षात आपल्या पोरावर तो लवकर भरवसा टाकतो, कारण जाब विचारणारं कुणी नसतं. मला मात्र ओढणी घेऊन मशीनच्या पट्ट्यात यायला सक्त मनाई होती, आणि ती त्यांनी एकदाही ढिली केली नाही. चकात किल्ली राहिली की काय होतं हे सांगताना आबांचा आवाज बदलायचा. त्यांनी ते कुठंतरी बघितलं होतं, कुठं ते कधी सांगितलं नाही.

जेवणाच्या ताटावर

हे कुठल्याही कोर्सच्या माहितीपत्रकात नसतं, म्हणून लिहिते. चुलतभाऊ रात्री जेवायला बसला की काकांना सांगायला त्याच्याकडं काहीतरी असायचं. मालक असा, मिस्त्री तसा, आज अमुक जॉब आला. काका ऐकायचे, हसायचे, मधेच सल्ला द्यायचे. दादा आणि आबा दिवसभर एकमेकांच्या पाच फुटांवर असायचे, ताटावर बसल्यावर बोलायला शिल्लक काय राहणार? दोघं मुकाट जेवायचे. आई म्हणायची, "शॉप बंद करून आलाय न्हवं, मग तोंडाचं कुलूप काढा की आता."

तरी दादाकडं एक गोष्ट आहे जी चुलतभावाकडं नाही. सकाळी मंगळवार पेठेतनं उद्यमनगरात जाताना तो आबांच्या स्कूटरवर मागं बसायचा. आबा बोलायचे ते तेवढंच, आणि तेही पुढं बघत. कुठल्या फौंड्रीचं कास्टिंग कठीण लागतं, कोण दिल्या शब्दाला जागतो, आजोबा शेतावरनं शहरात कसे आले. दादा सांगतो, आबांचा चेहरा आठवायला गेलं की पहिल्यांदा त्यांची मान आठवते, कॉलरवर काळा पट्टा उमटलेली. सोमवारी आमच्या शॉपला सुट्टी आणि शाळेला रविवारी, त्यामुळं बापलेकांना एकत्र मोकळा दिवस असा नव्हताच. ती दहा मिनिटं होती.

वही

आता माझ्या टेबलाकडं येते. आठवीत असताना आबांनी मला बिलं लिहायला बसवलं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि दादाचं कोंबडीच्या पायाचं. तीन वह्या होत्या. लाल वहीत आलेलं काम, हिरव्या वहीत पगार आणि उचल, निळ्या वहीत येणं. निळी वही आबा रोज संध्याकाळी स्वतः उघडायचे.

काम कुठंही शिकता येतं. आबांकडं, परक्याकडं, आयटीआयत. उधारी कशी मागायची हे मी निळ्या वहीपाशी शिकले. कुणाला सोमवारी फोन करायचा नाही, कुणाला पगाराच्या आदल्या दिवशीच करायचा. कुणाच्या दारात जाऊन नुसता चहा प्यायचा आणि पैशाचा विषय काढायचाच नाही, म्हणजे तो स्वतःच काढतो. कोण "परवा देतो" म्हणतो तेव्हा खरंच परवा देतो. कागदावर सांगायचं तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं झालं पाहिजे, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. हे मी शिकून आले आणि मोठ्या उत्साहानं आबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "व्याज मागितल्यावर म्होरलं काम कोण देणार?" मला उत्तर आलं नाही. आजही मी दुसऱ्यांना त्या कायद्याखाली पत्रं लिहून देते आणि प्रत्येक वेळी हा प्रश्न आठवतो.

परक्याच्या शॉपवर ही वही पोराला दिसणं शक्य नाही. चुलतभावानं अकरा वर्षं नोकऱ्या केल्यावर स्वतःचं शॉप टाकलं. मशीन उत्तम, काम उत्तम, आणि दीड वर्षात गळ्यापर्यंत आला, कारण त्यानं सगळ्यांना सारखी उधारी दिली. पुढं सावरला, पण बायकोचं सोनं गहाण टाकून.

आणि दादा? दादाला तर वही हाताच्या अंतरावर होती. पण आबांनी त्याला ती कधी दाखवली नाही, त्यानंही कधी मागितली नाही. आबांचं म्हणणं, पोरानं आधी हात साफ करावा, पैशाकडं नजर गेली की काम बिघडतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, कास्टिंगच्या गाड्या बंद झाल्या. नेमके आबा त्याच आठवड्यात आजारी. कामगारांचा पगार द्यायचा, गल्ला रिकामा, आणि मी पुण्यात अडकलेली. दादा निळी वही घेऊन फोनवर. "हे 'शि. मो.' म्हणजे कोण? ह्याच्याकडनं किती यायचं?" वीस-बावीस वर्षं त्या शॉपमध्ये उभा राहिलेला माणूस मला विचारत होता की आपले पैसे कुणाकडं आहेत. मी पानापानानं सांगत गेले. चार फोन केले, दोघांनी पैसे दिले, पगार निघाला.

त्या रात्री मला स्वतःचाही राग आला. मला वही मिळाली ती आबांनी विचार करून दिली म्हणून नव्हे. पोरगी लग्न करून जाणार, तिला कळलं तरी काय बिघडणार आहे, या हिशेबानं मिळाली. ज्याला लागणार होती त्याच्यापासून लपवली आणि जिला लागणार नव्हती तिला उघडी करून दिली. माझं पोट आज त्याच वहीवर चालतंय, ही गंमत वेगळी.

म्हणून निवड करताना माझा पहिला प्रश्न पोराला नाही, बापाला आहे. वही दाखवणार काय? दाखवणार असाल तर पोराला स्वतःच्या हाताखाली घ्या. ते शिक्षण दुसरा कुणी देऊ शकत नाही. दाखवणार नसाल, तर पोराला तुमच्याकडं फुकटात राबवण्यात त्याचा फायदा फारसा नाही, तुमचा आहे. त्याला बाहेर धाडा, निदान डाव राखून ठेवणारा मिस्त्री तरी भेटेल आणि तो दात मोजायला शिकेल.

पगाराचं थोडक्यात. चुलतभावाला पहिल्या आठवड्यापासून ठरलेले पैसे मिळायचे, कमी, पण त्याचे. दादाला "लागतील तेव्हा आईकडनं घे." लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, पगार किती? दादा आबांकडं बघायला लागला. पोराला शॉपवर घेणार असाल तर इतरांबरोबर रांगेत उभं करून पाकीट द्या. रक्कम लहान असू दे.

धंदा बदलला की उत्तर बदलतं

वरचं सगळं लेथचं. कोल्हापुरात सगळे काही लेथवाले नाहीत.

चपलांच्या घरात "परक्याकडं धाडू का" हा प्रश्नच थोडा फसवा आहे. काम घरातच वाटलेलं असतं. कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं, कापणं एकाकडं, वेणी घालणं आणि शिवण बहुतेक घरच्या बायकांकडं. खिळा नाही, चामड्याच्या वादीनं शिवायचं. हा हात घराबाहेर बसायला जागा कमी, म्हणून तो बापाकडं आणि आईकडंच बसवावा. बाहेर शिकायचं ते विकणं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांत मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला ते नाव न घेता दाखवल्या, तेव्हा इथं केवढा गहजब झाला. पण गिऱ्हाइकाशी थेट बोलणं, फोटो काढणं, ऑनलाइन ऑर्डर सांभाळणं हे चप्पल लाईनमध्ये बसलेल्या किती पोरांना कुणी शिकवलंय? एक कागदाची गोष्ट ध्यानात ठेवा: पीएम विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर २०२३ पासून) पादत्राणं करणारे कारागीर बसतात, प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि ५ टक्क्यांनी कर्ज मिळतं. पण अर्जदार १८ वर्षांचा हवा आणि एका कुटुंबात एकालाच लाभ, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. बापानं घेतला असेल तर लग्न न झालेल्या पोराला मिळत नाही. कुणाच्या नावानं भरायचं हे आधी ठरवा.

गुऱ्हाळाचं सगळ्यात मजेशीर. गुऱ्हाळ बापाचं असलं तरी बाप शिकवू शकत नाही, कारण गूळ गुळव्या करतो. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे तो पाक पाण्यात टाकून, बोटांत गोळी वळून सांगतो, आणि मालकही त्याच्या तोंडाकडं बघत उभा असतो. म्हणजे आपल्याच गुऱ्हाळावर पोरगं परक्याच्या हाताखाली. माझ्या मते ही सगळ्यात चांगली सोय आहे, फक्त उकळत्या काहिलीच्या आणि चुलवाणाच्या जवळ लहान पोर नको. भेंडीचं पाणी करणं, ढेपा मोजणं, मार्केट यार्डात सौद्याला बापाबरोबर जाणं, एवढं भरपूर झालं.

किराणा, मिसळ, कापडदुकान: बिनदिक्कत बापाच्या गल्ल्यावर. तिथं काम म्हणजेच वही आणि माणसं.

कायदा आणि सर्टिफिकेट

आमच्या वेळी कुणी विचारत नव्हतं, आज विचारतात आणि विचारावंच. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत चालते, तीही काम धोक्याचं नसेल तरच. २०१६ च्या दुरुस्तीनं हे स्पष्ट केलंय. चौदा ते अठरा या वयात धोक्याच्या कामाला बंदी आहे आणि फौंड्री त्यात मोडते. तेव्हा "माझ्या ओळखीची फौंड्री हाय, सुट्टीत धाडतो" हा बेत सोडून द्या. बाकी ठिकाणी विश्रांती धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांनंतर एक तास सुट्टी, आणि रात्री सात ते सकाळी आठ काम नाही. दादाच्या तेराव्या वर्षीचा ग्राइंडर आज कायद्यात कुठंच बसला नसता. तसं बघितलं तर आमच्या गावाला हे नवीन नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. तो रुपया चुकवायला किती बापांनी "पोरगं आजारी हाय" म्हणून सांगितलं असेल कुणास ठाऊक.

आयटीआय. कळंब्याच्या सरकारी आयटीआयत टर्नर, फिटर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. आमच्याकडं आयटीआयच्या पोरांना "पुस्तकी" म्हणून हसायची पद्धत आहे, आबाही हसायचे. पण दादानं मधे एकदा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत नोकरीसाठी फॉर्म भरला, तेव्हा अनुभव या रकान्यात काय लिहायचं हे त्याला कळेना. बापाच्या शॉपमध्ये अठरा वर्षं, याचा दाखला कोण देणार? आबांनी लेटरहेडवर लिहून दिला, तो कंपनीनं बाजूला ठेवला. हातात कला असून फॉर्म रिकामा, ही लाज फार बोचते. पोराच्या मनात नोकरीचा नुसता विचार जरी असेल तर आयटीआय आधी, शॉप संध्याकाळी.

मग भाच्याचं काय

दादाला मी हे सांगितलं. पोरगं सोळाचं आहे. ही सुट्टी त्याला आपल्याच शॉपवर ने, पण उलट्या क्रमानं: आधी माझं टेबल, मग तुझी मशीन. सकाळी दोन तास वह्या आणि बिलं, मग दोन तास ड्रिल आणि बर. ग्राइंडर नाही, चष्मा असला तरी नाही. आठवड्याला पाकीट. चूक झाली तर पार्टीला फोन त्यानंच करायचा, तू शेजारी उभा राहा पण बोलू नकोस. त्याच्या आवडीप्रमाणे डिप्लोमा किंवा आयटीआय. अठरा झाल्यावर दीड-दोन वर्षं बाहेर, तीही अशा ठिकाणी जिथं आबांचं नाव कुणाला माहीत नाही. ओळखीच्या शॉपवर ठेवलंस तर तिथंही तो तुझाच पोरगा राहील. परत यायचं की नाही हे नंतर त्यानं ठरवायचं, आणि नाही म्हणाला तर तोंड पाडायचं नाही.

दादा म्हणाला, "आणि पोरगी असती तर?" मी म्हटलं, केस बांधून लेथवर. बाकी सगळं तेच.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन, या वेळी स्पीकरवर. भाचा निळी वही घेऊन बसला होता. आबा आता काम करत नाहीत, पण रोज येऊन दाराशी खुर्ची टाकून बसतात. भाच्याला एक जुनं येणं सापडलं होतं, घाण्याच्या बुशांचं, चार हजार सातशे. नावासमोर दोनच अक्षरं, आणि ती माझ्याच हातची.

"आत्या, हे 'कृ. गु.' म्हणजे कोण? ह्यांना फोन लावू काय?"

मला आठवेना. कुठलातरी गुऱ्हाळवाला असणार, एवढंच. मी विचार करतेय तोवर फोनमध्ये मागनं आबांचा आवाज आला.

"ऱ्हाऊ दे ते. त्या सालात त्याचा बैल मेलता. ते पान सोड आणि म्होरलं बघ."

भाच्यानं पान उलटल्याचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, "आजोबा, मग हे वहीत कसं लिहायचं?"

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत.